कोरी काडी

आमच्या घरात मातीला पुढच्या खोलीत यायची परवानगी नाही. चपलांच्या तळाला चिकटून नाही, कुंडीतून नाही आणि नवऱ्याच्या नखांतून तर मुळीच नाही. हा नियम माझा, आणि सव्वीस वर्षं मी तो सगळ्यांना पाळायला लावला आहे. आमचे हे पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यापासून त्यांनी झाडांचा नाद लावून घेतला. मागच्या गॅलरीत त्यांच्या चाळीस कुंड्या आहेत, एक जुनं लाकडी टेबल आहे, आणि तिथून आत यायच्या दारापाशी बादली, साबण आणि नखं घासायचा ब्रश आहे. "यापेक्षा तुरुंगातली झडती बरी," असं ते म्हणतात. मी म्हणते, कैदी निदान जेलरकडे दिवसातून चार वेळा चहा मागत नाही.

लोकांना वाटतं बाई स्वच्छतेची वेडी आहे. तसं काही नाही. माझं कपाट उघडलं तर कपडे अंगावर येतात. पण माझं कामच तसं आहे. यान दुसऱ्या ग्रहावर पाठवायच्या आधी त्याच्या अंगावर आपल्याकडचे किती सूक्ष्मजीव बसलेत, ते मी मोजते. ओल्या कापसाची काडी घ्यायची, यानावरच्या आखून दिलेल्या चौकोनात आधी आडवी, मग उभी, मग तिरकी फिरवायची आणि नळीत टाकायची. ती नळी कढत पाण्यात पंधरा मिनिटं ठेवली की लेचेपेचे मरतात. उरतात ते खरे चिवट, स्वतःभोवती टणक कवच करून वर्षानुवर्षं झोपून राहणारे बीजाणू. प्रवासात टिकलेच तर तेच टिकायचे. मग ते पाणी काचेच्या बशीत, खाद्याच्या थरावर ओतायचं, बशी उबेच्या कपाटात ठेवायची आणि येणारे ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे एक वाचलेला जीव आणि त्याचं सगळं खटलं. कामावर मला काडीवाल्या बाई म्हणतात. शेजारीही म्हणतात, पण ते वेगळ्या अर्थाने. माझा स्वभाव काही फारसा गोड नाही.

प्रत्येक खेपेला एक काडी मात्र कुठेच लावायची नसते. बाकीच्यांसारखीच ती नळीतून काढायची, हवेत धरायची, मनात दहापर्यंत मोजायचं आणि परत नळीत टाकायची. ही कोरी काडी. तिच्या बशीत काहीही उगवता कामा नये. उगवलंच, तर ते यानावरचं नव्हे, मोजणाऱ्याकडचं. त्याच्या हातचं, कपड्यांतलं, घरचं. मग त्या खेपेच्या सगळ्या काड्या रद्द, कारण ज्याचा तराजूच खोटा त्याच्या वजनाला कोण विचारतो? सव्वीस वर्षांत माझी कोरी काडी कोरीच राहिली होती. तक्त्यात त्या रकान्यातलं शून्य मी अगदी गोल, डोळा भरून काढायचे आणि नव्या मुलांना ती पानं उलटून दाखवायचे. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं चांगलं तीन मजली होतं.

आता सूनबाईबद्दल. ती माझ्याच कामाच्या ठिकाणी इंजिनियर आहे, आणि ते माझ्यामुळे नव्हे. उलट माझ्यामुळे ती घरात आली. एकदा मी डबा विसरले, तो द्यायला मुलगा फाटकापर्यंत आला आणि तिथे त्याला ही भेटली. डबा मला त्या दिवशी मिळालाच नाही. मुलगा जहाजावर असतो, सहा-सहा महिने पाण्यावर. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. घरी सगळा कारभार सूनबाईच्या हातात. काय आणायचं, काय टाकायचं, ती ठरवते. कामावर मात्र तिची पेटी माझ्या सहीशिवाय टेबलावरून हलत नाही. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. आमच्याकडे सकाळ सासूची आणि संध्याकाळ सुनेची. त्यामुळे आम्ही एकमेकींशी फार नीट वागायचो. इतक्या नीट, की ह्यांना ते बघवायचं नाही.

पेटी उशीएवढी. सात वर्षं सूनबाई त्या पेटीत बुडालेली होती. पेटीने मंगळावर उतरायचं, जमिनीखालचा चिमूटभर खारट बर्फ उचलायचा, वितळवायचा, त्यात थोडं खाद्य टाकायचं आणि भिंगातून पाहत बसायचं. कोणी खातंय का, कोणी एकाचे दोन होतंय का.

मी तिला एकदा विचारलं होतं, "असेल का गं तिथे कोणी?"

"वर नसेल, आई. वर सगळं करपलेलं आहे. पण एके काळी तिथे तळी होती, नद्या होत्या. पाणी आटत गेलं तसा एखादा खाली खाली सरकला असेल. तुमच्या कढत पाण्यातून वाचणारे असतात ना, तसा एखादा हट्टी. का नसावा?"

"आणि नसला तर?"

"तर नाही, असं कळेल. अजून तेही कोणाला माहीत नाही."

हे बोलताना ती भांडी पुसत होती आणि एकच ताटली तिने तीनदा पुसली. त्या दिवशी मला ती फार आवडली. सांगितलं अर्थातच नाही.

पेटी यानात बसवायच्या आधीची शेवटची तपासणी त्या सोमवारी होती. आदल्या दिवशी माझ्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू सैल झाला होता. घड्याळजीच्या घरात सैल स्क्रू म्हणजे मांजरापुढे दूध. ह्यांनी चष्मा नेला आणि घट्ट करून आणून दिला. सकाळी मी तो नेहमीसारखा स्पिरिटने पुसला. आता गंमत अशी, की स्पिरिटने बीजाणूंना काहीही होत नाही, त्यांची नुसती अंघोळ होते, हे मीच दर वर्षी नव्या मुलांना घसा फोडून सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

पेटी तपासायच्या आमच्या निर्जंतुक खोलीत गेलं की माणूस ओळखू येत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर पट्टी, हातमोज्यांवर हातमोजे, उघडे फक्त डोळे आणि त्यांच्यावरचा चष्मा. बोलायचं नाही, घाई करायची नाही. चेहऱ्याला हात लागलाच तर काम थांबवून बाहेर जायचं आणि वरचे हातमोजे बदलून यायचं. सूनबाई काचेच्या भिंतीपलीकडे उभी होती. मी तीन तास वाकून काड्या फिरवल्या. पेटीवरच्या सगळ्या झाल्या, राहिली फक्त कोरी. नाकावर घाम आला होता, चष्मा घसरला आणि माझं बोट वर गेलं. अर्धा क्षण. सूनबाई तेव्हा वहीत काही लिहीत होती, तिने पाहिलं नाही.

बोट वर गेलं हे मला कळलं का? कळलं. खोटं कशाला बोलू. पण कंबर मोडली होती, आणि मी मनात म्हटलं, चष्मा पुसलेला आहे, आणि उरलीय ती कोरी काडीच. तिला कुठे काय लावायचंय! असा विचार दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाच्या डोक्यात येणार नाही. जी काडी फक्त माझी परीक्षा घेण्यासाठी असते, तिच्यापुढेच मी निष्काळजी झाले.

बुधवारी सकाळी नऊ वाजता बशा काढल्या. पेटीवरच्या सगळ्या काड्यांचे मिळून अकरा ठिपके. मर्यादा तीसची. शाब्बास पोरी, असं मी मोठ्यांदा म्हटलं. मग कोऱ्या काडीची बशी उजेडात धरली. तीन ठिपके. मळकट पांढरे, कडेला सुरकुतलेले, कपड्यावर मेण सांडून वाळावं तसे. बशी फिरवली, भिंगाखाली धरली, काचेवरचा डाग असेल म्हणून बाहेरून पुसलीसुद्धा. ठिपके जागचे हलले नाहीत. सोमवारचं ते बोट मला लख्ख आठवलं.

खोलीत मी एकटीच होते. समोर तक्ता, हातात पेन.

कोरी काडी बिघडली की नियम सरळ आहे. पेटी पुन्हा कोरड्या भट्टीत घालायची, सव्वाशे अंशांवर पन्नास तास. सूनबाईची पेटी दोन वेळा भट्टीतून निघाली होती. तिसऱ्या खेपेची सगळ्यांनाच धास्ती होती, ती भिंगामुळे. पेटीची एक जुळी बहीण आहे, फक्त चाचण्यांसाठी केलेली, ती कुठेच जाणार नाही. तिसऱ्या भट्टीत तिच्या भिंगाच्या कडेला केसाएवढी चीर गेली होती. भिंग ज्याने चिकटवतात ते नंतर बदललं, पण बदललेल्याची तिसरी भट्टी कोणी करून पाहिली नव्हती. आणि भिंगाला चीर गेली तर दुसरं बसवायला वेळ नव्हता. पुढच्या गुरुवारी यान बंद होणार होतं. पेटी तयार नसेल तर तिच्या जागी तेवढ्याच वजनाचा धातूचा ठोकळा जाणार, यानाचा तोल राहावा म्हणून. तो ठोकळा तयारच होता. कोपऱ्यातल्या कपाटात, कापडात गुंडाळून ठेवलेला.

अकरा आणि तीन, चौदा. सगळे पेटीवरचेच धरले तरी मर्यादेच्या निम्मेसुद्धा नाहीत. पेटी स्वच्छ होती. माझ्या बोटाने तिला स्पर्शही केला नव्हता. रकान्यात एक शून्य काढलं असतं तर कोणाचंही काही बिघडलं नसतं, आणि सात वर्षांच्या जागी ठोकळा जायची भीती उरली नसती. बशी धुवायला टाकली की झालं. मी उठून नळापर्यंत गेलेही.

नळाशी उभी असताना मनात आलं, समजा पेटीने तिकडून कळवलं, की इथे कोणीतरी खातंय, एकाचे दोन होतंय. जगभर आरडाओरडा होईल. मग कोणीतरी शहाणा माणूस विचारेल, हे तुमच्याकडूनच गेलेलं नाही कशावरून? तेव्हा माझं पान उघडतील. म्हणतील, बघा, कोरी काडी शून्य, मोजणारी बाई भरवशाची. आणि मी कुठेतरी खुर्चीत बसलेली असेन, आणि ते शून्य खोटं आहे हे जगात मला एकटीला माहीत असेल. ज्या बाईने एक शून्य खोटं लिहिलं, तिच्या अकरावर तरी मी का विश्वास ठेवावा? सूनबाई नाचत घरी येईल आणि मला तिच्या तोंडाकडे बघता येणार नाही. खाई त्याला खवखवे, ते मरेपर्यंत.

मी परत येऊन बसले आणि लिहिलं, तीन. शेऱ्यात लिहिलं, 'चष्म्याला बोट लागले. हातमोजे बदलले नाहीत. चूक माझी.' मग चष्मा काढला, त्या स्क्रूच्या खाचेत एक काडी फिरवली आणि तिचीही बशी करून उबेत ठेवली.

आमच्या विभागाच्या मुख्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, वयाने त्या माझ्याहून लहान असल्या तरी. त्यांनी तक्ता दोनदा वाचला.

"हे मला कधीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"नसतंच कळलं."

त्यांनी पेनाचं टोपण जरा वेळ चावलं. मग सही केली. "भट्टी लावायला सांगते. तुमच्या सुनेला मी सांगू का?"

"नको, मीच सांगते. आपलेच दात, आपलेच ओठ."

सूनबाई कँटीनमध्ये खिडकीशी बसून संत्रं सोलत होती. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. तिने संत्र्याची साल एकावर एक रचायला सुरुवात केली.

"आई, नाकाला हात लावला म्हणून तुम्ही मुलांना रडवलंय."

"हो."

"मला दोनदा बाहेर काढलंय. एकदा केसांच्या एका बटेसाठी."

"हो."

"मग?"

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून आमच्या घराने कधी ऐकलं नव्हतं, कँटीनने तर नाहीच.

"माफीचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी भिंग." आणि साल तिथेच टाकून भट्टीच्या खोलीकडे गेली. संत्रं मी खाल्लं. आंबट होतं, आणि तेच योग्य होतं.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, चष्मा कुठे बसून दुरुस्त केला? ते म्हणाले, "गॅलरीत. टेबलावर. स्क्रूला थेंबभर तेल घातलं. आत घातलं असतं तर तेलाचा डाग पडला म्हणून तूच ओरडली असतीस."

म्हणजे माझाच एक नियम पाळायला जाऊन माझाच दुसरा मोडला होता. काय बोलणार! करायला गेले एक आणि झालं भलतंच. ते बिचारे कुंड्यांकडे बघत उभे होते.

"देऊन टाकतो सगळ्या," ते म्हणाले. "उद्याच."

"काही नको. झाडांनी काय केलंय? माझं बोट कुंडीत उगवलेलं नाही."

गुरुवार आणि शुक्रवार कसे गेले ते माझं मला माहीत. सूनबाई जेवायला बसायची, समोरचं संपवायची आणि उठायची. ह्यांनी दोन विनोद केले, दोन्ही मेले. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आणि एक सांगते, लिहिल्याचा पश्चात्ताप मला एकदाही झाला नाही. बोटाचा मात्र दर तासाला झाला.

शनिवारी सकाळी भट्टी उघडली. पेटी थंड होऊन टेबलावर आली. सूनबाईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि भिंगाची कड इंच-इंच बघायला लागली. काचेपलीकडे आम्ही चौघं-पाच जण. मी त्या कोपऱ्यातल्या कपाटाकडे पाहायचं टाळत होते. वीस मिनिटांनी ती ताठ झाली, आमच्याकडे वळली आणि हातमोज्यातला अंगठा वर केला. चीर नव्हती. माझा जीव भांड्यात पडला आणि मी स्टुलावर पडले. मोठ्या बाईंनी मला पाणी दिलं.

"आता काड्या घ्यायच्यात," त्या म्हणाल्या. "कोण घेणार?"

"मी सोडून कोणीही घ्या."

"तुम्हीच घ्या," त्या म्हणाल्या. "ज्यांनी कधी तीन लिहिलेले नाहीत, त्यांचं मला काय माहीत?"

पोशाख चढवायच्या खोलीत मी बाकावर बसले होते. चष्म्याची खाच आता भट्टीतून काढलेल्या नव्या स्क्रूने बंद केली होती, पण नाक तेच होतं आणि घामही तोच. दार उघडून सूनबाई आली. तिच्या हातात निर्जंतुक पाकिटातली पट्टी होती, तारा बांधायला वापरतात ती.

"आई, मान खाली करा."

मी केली. तिने चष्म्याच्या दोन्ही दांड्या पट्टीने जोडून डोक्यामागे घट्ट बांधल्या, गाठ मारली, ओढून पाहिली. लहान मुलीची वेणी घालावी तसं.

"दुखतंय का?"

"नाही."

"दुखलं तरी चालेल," ती म्हणाली. "तुम्ही शून्य लिहायला हवं होतं, असं मी पहिल्या दिवशी दिवसभर म्हणत होते. मनातल्या मनात. फार रागाने. काल भट्टीसमोर बसल्या बसल्या पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा मी काय मागत होते ते कळलं मला."

बोलले असते तर रडले असते, आणि मग तोंड धुवायला परत बाहेर जावं लागलं असतं.

"आता बोट वर न्या," ती म्हणाली. मी नेलं. तिने त्यावर एक चापट मारली. "पुन्हा नेलंत तर बाहेर काढीन."

मंगळवारी बशा मोजल्या. पेटीवर चार. कोरी काडी शून्य. नजर बशीवरून हलेना, त्यामुळे ते शून्य माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वेडंवाकडं आलं. चष्म्याच्या स्क्रूच्या बशीत मात्र तेच सुरकुतलेले ठिपके आले होते. ह्यांच्या टेबलाची धूळ तपासली, तिच्यातही तेच. चोर सापडला होता, घरचाच.

सूनबाई माझ्या खोलीत आली. "ते तिघं कुठे आहेत?"

"फ्रीजमध्ये. का?"

"द्या. जुळ्या पेटीला दाखवायचेत. आजवर तिला आम्ही विकत आणलेले दाखवले. सगळे पाळीव, नावगाव माहीत असलेले. हा अनोळखी आहे. अनोळखी आला तर तिला कळतो का, ते बघू दे."

एका ठिपक्याचा कणभर तिने खारट बर्फात गोठवला. जुळ्या पेटीने तो उचलला, वितळवला, खाद्य घातलं. आम्ही पडद्यासमोर खुर्च्या ओढून बसलो. चहा झाला. जेवण झालं. खाद्य किती खाल्लं जातंय ते दाखवणारी रेघ सरळच चालली होती. मी म्हटलं, मेला असेल थंडीने. सूनबाई म्हणाली, "उठायला वेळ लागतो, आई. झोपलेला आहे तो." दुपारी चारच्या सुमाराला रेघेने किंचित मान वर केली. मग आणखी. मग भिंगातून दिसलं, एक काडीसारखा सूक्ष्म जीव मधोमध आवळला गेला आणि त्याचे दोन झाले. सूनबाई पोट धरून हसत सुटली.

"आई, तुमचा चष्मा जिवंत आहे!"

मीही हसले. आठवड्यापूर्वी ज्या ठिपक्यांनी माझी झोप घालवली होती, त्यांच्याकडे मी चक्क कौतुकाने पाहत होते. तेल, स्पिरिट, कढत पाणी, बर्फ, सगळं सोसून उठून जेवायला लागला होता पठ्ठ्या. गॅलरीतल्या कुंडीतला असा असेल, तर तिकडे नद्या आटताना पाहिलेला कसा असेल!

आमच्याकडे एक मोठं शीतकपाट आहे. तपासणीच्या खोल्यांमध्ये आजवर जे जे सूक्ष्मजीव सापडले, ते सगळे त्यात क्रमांक घालून ठेवलेत. दारात अनोळखी पाहुणा आला की आपण आधी विचारतो ना, कोणापैकी तुम्ही? तसंच. मंगळावर काही सापडलं तर आधी ते या कपाटातल्यांशी ताडून बघायचं. आमच्या ठिपक्यालाही क्रमांक मिळाला. नोंद मी केली: 'आढळ, तपासनिसाच्या चष्म्याचा स्क्रू. मूळ, घरची गॅलरी.' ह्यांना सांगितलं तर छाती दोन इंच फुगली. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगतात, की आमच्या कुंडीतलं एक नाव मंगळाच्या यादीत आहे. बादली आणि ब्रश मात्र दारापाशी आहेतच. चष्म्याची दुरुस्ती आता जेवणाच्या टेबलावर, तेलासकट.

पेटी गुरुवारी यानात बसली. ठोकळा सूनबाईने मागून घेतला. आता तो आमच्या पुढच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला असतो. यान निघालं त्यालाही आता पाच महिने झाले. ती कामावरून आली की मी विचारते, कुठवर पोचली गं? ती सांगते, अर्ध्याच्या पुढे. अजून खूप काही व्हायचंय. उतरायला हवं, बर्फ लागायला हवा, आणि बर्फात कोणी असायला हवं. नसेलही कोणी. या वर्षाअखेर मी निवृत्त होईन, आणि सकाळही सुनेचीच होईल. माझी हरकत नाही.

पण मी तिला बजावून ठेवलंय. काही हललं, तर आधी ते कपाट उघडून एकेक ताडून बघ. पहिल्यांदा आपल्या गॅलरीतला बघ. आणि सगळे बघून झाले की मला येऊन सांग. "हा आपल्यातला नाही," हे वाक्य माणसं एरवी कोणाला दाराबाहेर ठेवायला वापरतात. मला ते तिच्या तोंडून ऐकायचंय. ती म्हणेल तेव्हा मला ते खरं वाटेल. आणि कोणी शंका घेतलीच, तर त्यांनी खुशाल माझी पानं उलटून पाहावीत. सव्वीस वर्षांच्या गोल शून्यांमध्ये एका बुधवारी तीन लिहिलेले आहेत.